‘जर्मनी’ एवढ्याने भागत नाही : अमेरिकेत गेलेल्या पूर्वजाचं युरोपातलं गाव कसं शोधतात

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत आता कुणाची सून आयरिश वंशाची असते, कुणाचा जावई जर्मन किंवा इटालियन वंशाचा. नातवंडं शाळेतून ‘फॅमिली ट्री’चा प्रकल्प घेऊन येतात, तेव्हा आपल्या बाजूची माहिती पटापट भरली जाते. गाव, कुलदैवत, चार-पाच पिढ्यांची नावं कुणाला ना कुणाला तोंडपाठ असतात. दुसऱ्या बाजूला मात्र पणजोबांच्या नावापुढे एकच शब्द येतो : जर्मनी. गाव कुठलं, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

हे गाव बऱ्याचदा सापडतं. त्यासाठी कुठले कागद कुठल्या क्रमाने बघायचे, हे मात्र माहीत असायला हवं. बहुतेक जण पहिल्याच पायरीला चुकतात. नाव हाताशी आलं की ते थेट जर्मनीच्या किंवा आयर्लंडच्या नोंदींत शोधायला लागतात. तिथे त्याच नावाची पन्नास माणसं सापडतात आणि त्यातला कुठला आपला, हे ठरवायला हातात काहीच नसतं.

असं होतं, कारण युरोपातल्या जुन्या नोंदी गावागावात विखुरलेल्या आहेत. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू होण्याआधी माणसाचा जन्म, लग्न आणि मरण लिहून ठेवायचं काम चर्चचं होतं. प्रत्येक पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, स्वतःची बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची वही असे. अखंड जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी आली ती १८७६मध्ये. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४पासून आहे. त्याआधीचा माणूस हवा असेल तर पॅरिशचं नाव कळल्याशिवाय कुठली वही उघडायची हेच कळत नाही. म्हणून गावाचं नाव आधी अमेरिकेतल्या कागदांत शोधायचं. समुद्र ओलांडायची घाई करायची नाही.

सुरुवात जनगणनेपासून करावी. अमेरिकेत १७९०पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि १८५०पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आणि जन्मस्थान नोंदलेलं आहे. १९००च्या जनगणनेत माणूस कुठल्या वर्षी अमेरिकेत आला आणि नागरिक झाला का, हेही विचारलं होतं. १८९०ची जनगणना १९२१च्या आगीमुळे जवळपास सगळीच गेली, त्यामुळे तिथे वीस वर्षांची पोकळी पडते. जनगणनेत गाव सहसा मिळत नाही, देश किंवा प्रांत मिळतो. पण आल्याचं वर्ष आणि नागरिकत्वाची स्थिती या दोन गोष्टी पुढच्या सगळ्या शोधाचा पाया असतात. आणि १९२०ची जनगणना आवर्जून बघावी. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या होत्या, म्हणून जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया अशा देशांत जन्मलेल्यांचा प्रांत किंवा शहरही लिहून घ्यायची सूचना गणना करणाऱ्यांना दिली होती. सगळ्यांनी ती पाळली नाही, पण जिथे पाळली तिथे एक शब्द जास्तीचा मिळतो आणि तो फार मोलाचा असतो.

मग नागरिकत्वाचे कागद. इथे एक तारीख लक्षात ठेवावी : २७ सप्टेंबर १९०६. त्याआधी कुठलंही पात्र न्यायालय परक्या माणसाला नागरिक करून घेऊ शकत असे आणि प्रत्येक न्यायालयाचा कागद वेगळा. त्यात बहुधा ‘प्रशियाच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो’ अशा अर्थाचं एक वाक्य असतं आणि बाकी काही नाही. १९०६च्या कायद्याने देशभर एकसारखे अर्ज आले. त्यात जन्मतारीख, जन्मगाव, जहाजाचं नाव आणि आल्याची तारीख विचारली जाऊ लागली. प्रक्रिया दोन टप्प्यांची होती, आधी नागरिक होण्याचा इरादा जाहीर करायचा आणि काही वर्षांनी प्रत्यक्ष अर्ज करायचा. दोन्ही कागद मागवावेत. बायकांच्या बाबतीत अडचण आहे. सप्टेंबर १९२२पर्यंत नवरा नागरिक झाला की बायको आपोआप नागरिक होई, त्यामुळे पणजीच्या नावाचा वेगळा अर्ज सहसा नसतोच.

पूर्वज १९०६च्या आधीच नागरिक झाला असेल तरी वाट बंद होत नाही. १९१७च्या जूनमध्ये पहिल्या महायुद्धाच्या सैन्यभरतीसाठी २१ ते ३० वयाच्या पुरुषांची नोंदणी झाली. त्या कार्डावर जन्मगावासाठी जागा होती. सप्टेंबर १९१८ला १८ ते ४५ वयाच्या पुरुषांची नोंदणी झाली, त्या कार्डावर मात्र जन्मस्थान विचारलेलंच नाही, त्यामुळे ते हाती आलं तर हिरमुसून जाऊ नये. एप्रिल १९४२मध्ये वयस्क पुरुषांची नोंदणी झाली, साधारण १८७७ ते १८९७ या काळात जन्मलेल्यांची. ती नागरिक नसलेल्यांनाही लागू होती आणि तिच्यात जन्मस्थान आहे. माझ्या मते ही कार्डं या शोधातला सगळ्यात दुर्लक्षित खजिना आहे, कारण माणसाने ती माहिती स्वतः सांगितलेली असते. मृत्यूच्या दाखल्यावर तोच तपशील मुलाने किंवा सुनेने सांगितलेला असतो. सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेचा मूळ अर्जही असाच. तिची नोंदणी १९३६मध्ये सुरू झाली आणि अर्जात जन्मस्थानासोबत आईचं माहेरचं नाव विचारलं होतं. आईचं माहेरचं नाव पुढे युरोपातल्या वहीत खरा माणूस ओळखायला फार उपयोगी पडतं.

जहाजाच्या प्रवासी याद्यांकडे लोक सगळ्यात आधी धावतात. त्या किती उपयोगी पडतील, हे वर्षावर ठरतं. अमेरिकेत १८२०पासून अशा याद्या सरकारकडे जमा होत, पण जुन्या याद्यांत नाव, वय, धंदा आणि देश एवढंच असतं. १८९३नंतर प्रश्न वाढले : शेवटचा मुक्काम कुठे होता, अमेरिकेत कुणाकडे जाणार, तिकिटाचे पैसे कुणी दिले. १९०६-०७च्या सुमाराला जन्मगाव आणि मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता हे रकानेही आले. त्यामुळे १९१०मध्ये आलेल्या माणसाची यादी गावाचं नाव थेट सांगू शकते आणि १८५२मध्ये आलेल्याची जवळपास कधीच नाही. यादीतल्या नावाशेजारी कधीकधी नंतर खरडलेले आकडे दिसतात. पुष्कळदा ते त्या माणसाच्या नागरिकत्वाच्या कागदांचे क्रमांक असतात, ते टिपून ठेवावेत.

यादी शोधताना एक कथा मनातून काढून टाकायला हवी. न्यूयॉर्कच्या बंदरात येणाऱ्यांची तपासणी जिथे होई त्या एलिस बेटावरच्या कारकुनांनी आमचं आडनाव बदललं, असं असंख्य अमेरिकी घरांत सांगतात. १८९२ ते १९५४ या काळात सुमारे एक कोटी वीस लाख लोक त्या बेटावरून गेले. तिथले अधिकारी नावं लिहून घेत नसत. निघण्याच्या बंदरात तयार झालेली जहाजाची यादी त्यांच्यासमोर असे आणि ते ती तपासत. शिवाय तिथे दुभाषेही असत. आडनावं बदलली ती नंतर, कारखान्यात, शाळेत, शेजारपाजाऱ्यांच्या जिभेवर, आणि पुष्कळदा त्या माणसांनी स्वतः ठरवून. हे कळलं नाही तर आपण यादीत ‘मिलर’ शोधत बसतो आणि तिथे ‘म्युलर’ लिहिलेला असतो. इटालियन बायका तर यादीत बहुधा माहेरच्या आडनावाने सापडतात.

नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला, असंही नाही. यासाठी ॲनी मूरची हकिकत सांगायलाच हवी. १ जानेवारी १८९२ला एलिस बेट उघडलं तेव्हा तिथे पहिली नोंद झाली ती या आयरिश मुलीची. कॉर्क परगण्यातून दोन धाकट्या भावांना घेऊन ती आई-वडिलांकडे न्यूयॉर्कला आली होती. तिचे पुतळे उभे राहिले. आणि कित्येक वर्षं सगळे असं मानत होते, की ती पुढे टेक्सासला गेली आणि तिथे अपघातात वारली. मेगन स्मोलेन्याक या वंशशोधिकेने टेक्सासच्या बाईंचे कागद नीट पाहिले तेव्हा दिसलं, की जनगणनेत त्या बाईंचा जन्म इलिनॉयचा लिहिलेला आहे. त्या आयर्लंडहून आलेल्या नव्हत्याच! २००६मध्ये खरी ॲनी सापडली. ती न्यूयॉर्क सोडून कधी गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला संसार केला, १९२४मध्ये वारली आणि क्वीन्समधल्या दफनभूमीत तिच्या थडग्यावर साधा दगडही नव्हता. इतक्या प्रसिद्ध मुलीच्या बाबतीत जनगणनेची एक ओळ इतकी वर्षं कुणी ताडून पाहिली नाही. आपल्या घरच्या वंशावळीत असं किती असेल, याचा विचार करावा.

सरकारी कागदांत गाव मिळालं नाही तर चर्चकडे वळायचं, अजूनही अमेरिकेतल्याच. माणसं आली ती आपापल्या भाषेच्या चर्चभोवती राहिली. जर्मन ल्युथरन किंवा कॅथलिक पाद्र्याच्या वहीत लग्नाच्या किंवा दफनाच्या नोंदीत मूळ गावाचं नाव पुष्कळदा असतं, कारण तो स्वतः तिकडचाच असे आणि ते नाव त्याला नीट लिहिता येई. त्याच लग्नाच्या सरकारी दाखल्यावर फक्त ‘जर्मनी’ असतं. स्वीडिश ल्युथरन मंडळ्यांच्या सभासद-वह्यांत तर जन्मतारीख आणि स्वीडनमधली पॅरिश लिहायची रीतच होती.

आयरिश लोकांसाठी आणखी दोन साधनं आहेत. ‘बॉस्टन पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात ‘मिसिंग फ्रेंड्स’ नावाने हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती येत. भाऊ कुठे गेला कळत नाही, शेवटचं पत्र कुठून आलं होतं, तो अमुक परगण्यातल्या अमुक पॅरिशचा, अशी ती जाहिरात असे. त्या वाचताना काळजाला हात घातल्यासारखं होतं, आणि गावाचं नाव त्यांत अगदी नेमकं असतं. दुसरं साधन न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेचं, स्थापना १८५०ची. खातेदाराची ओळख पटावी म्हणून ही बँक त्याचं जन्मगाव, आई-वडील, भावंडं असा तपशील लिहून घेई. बँकेला फसवणूक टाळायची होती, आपल्याला त्यात अख्खं कुटुंब मिळतं.

तरीही काहीच हाती आलं नाही, तर तो माणूस बाजूला ठेवायचा आणि त्याच्या भोवतालची माणसं शोधायची. मला विचाराल तर ही या सगळ्या कामातली सगळ्यात प्रभावी युक्ती आहे. युरोपातून माणसं एकेकटी आली नाहीत. आधी एक भाऊ आला, त्याने दुसऱ्याचं तिकीट काढलं, मग मेहुणा आला, मग शेजारी. एकाच गल्लीत राहिले, एकाच चर्चमध्ये गेले, एकमेकांच्या मुलांचे गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता झाले. तुमच्या पणजोबांच्या कागदावर फक्त ‘जर्मनी’ असेल, पण त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्ननोंदीत गाव असू शकतं. बाप्तिस्म्याचे साक्षीदार, नागरिकत्वाच्या अर्जावर सही करणारे, मृत्युपत्राचे साक्षीदार, दफनभूमीत शेजारी पुरलेले या सगळ्यांची नावं लिहून काढायची आणि प्रत्येकाचं गाव शोधायचं. त्यातल्या तिघांचं गाव एकच निघालं तर आपलंही तेच असण्याची दाट शक्यता असते. डीएनए चाचणीचाही खरा उपयोग इथेच. ‘तुम्ही ४० टक्के जर्मन’ हा आकडा गाव शोधायला कामाचा नाही. पण ज्यांच्याशी डीएनए जुळला त्यांच्यापैकी कुणाला आपलं गाव माहीत असेल, तर तो धागा पकडता येतो.

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांचा शोध या बाबतीत थोडा सोपा पडतो. तिथे गेलेल्या मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत आणि त्यांत जिल्हा आणि गाव लिहिलेलं असतं. वसाहतीच्या सरकारला आपल्या मजुरांवर पक्की नजर ठेवायची होती, म्हणून तो तपशील आला. अमेरिकेत स्वतःच्या पैशाने आलेल्या युरोपीय माणसाचं गाव लिहून ठेवायची तशी गरज दीर्घकाळ कुणालाच वाटली नाही.

आता समजा, गावाचं नाव मिळालं. इथून नकाशाची परीक्षा सुरू होते. कागदावरचं नाव हे अमेरिकी कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. जर्मन बोलींत ब-प, ड-ट, ग-क ही अक्षरं सहज अदलाबदल होतात. ‘व्युर्टेम्बर्ग’ हे राज्य ‘विटेनबर्ग’ होऊन बसतं, आणि विटेनबर्ग हे खरोखरचं वेगळं शहर आहे. शिवाय एकाच नावाची गावं ढिगाने. जर्मनीत ‘नॉयश्टाट’ आणि पोलंडमध्ये ‘नोव्हा व्ह्येश’ किती आहेत ते पाहिलं की डोकं गरगरतं. जर्मन साम्राज्यासाठी ‘मायर्स’चा १९१२चा स्थानकोश वापरतात. तो इंटरनेटवर फुकट शोधता येतो आणि गाव कुठल्या जिल्ह्यात, तिथे चर्च होतं का आणि सरकारी नोंदणी कुठे होई, हे सांगतो. छोट्या वस्तीला स्वतःचं चर्च नसे, तिथली माणसं शेजारच्या गावच्या वहीत सापडतात. नुसतं गाव सापडून काम होत नाही ते यामुळे.

सीमांचा घोळ तर फारच मोठा. कालश्टाट हे गाव घ्या. डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिश १८८५मध्ये सोळाव्या वर्षी इथून अमेरिकेला आले. केचपवाल्या हाइन्झ कंपनीच्या संस्थापकाचे वडीलही याच गावचे, म्हणजे एका खेड्यातून माणसं एकामागून एक कशी जात तेही इथे दिसतं. कालश्टाट ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला, पॅलाटिनेट भागात आहे. पण १८१६पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा भाग बव्हेरियाच्या ताब्यात होता. त्यामुळे तिथून आलेल्या माणसाच्या कागदावर ‘बव्हेरिया’ लिहिलेलं असायचं, आणि ते वाचून आपण म्युनिकच्या आसपास शोधत राहतो. आणखी एक गोष्ट : ट्रम्प कुटुंबात अनेक वर्षं आपलं मूळ स्वीडिश असल्याचं सांगितलं जाई. दोन महायुद्धांच्या काळात जर्मन असणं अडचणीचं होतं, आणि पुष्कळ जर्मन घरांनी आपलं मूळ झाकलं. घरातली आठवण आदराने ऐकावी, पण कागदाशी ताडल्याशिवाय स्वीकारू नये.

पूर्वेकडे गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. गॅलिशिया हा प्रांत १७७२पासून १९१८पर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, आज तो पोलंड आणि युक्रेनमध्ये विभागलेला आहे. तिथला माणूस १९००मध्ये ‘ऑस्ट्रिया’त जन्मलेला आणि १९२०मध्ये ‘पोलंड’मध्ये जन्मलेला दिसतो. लेम्बर्ग, ल्वूफ आणि ल्विव्ह हे एकच शहर आहे.

देशानुसार पुढचा रस्ता बदलतो. स्वीडन हा शोधणाऱ्याचा स्वर्ग आहे. तिथे पाद्री घराघराची धर्मज्ञानाची परीक्षा घेई आणि प्रत्येक कुटुंबाची नोंद वर्षानुवर्षं ठेवी. कोण कुठल्या पॅरिशमधून आलं, कोण कुठे गेलं, ‘उत्तर अमेरिका’ असं लिहून त्या माणसाची ओळ संपते. या वह्या राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. इटलीही सोपी आहे. सरकारी अभिलेखागारांचं ‘अंतेनाती’ हे फुकट संकेतस्थळ आहे आणि दक्षिण इटलीत नेपोलियनच्या काळापासून सरकारी नोंदी आहेत. तिथल्या लग्नाच्या कागदपत्रांना वधू-वरांचे जन्मदाखले आणि वारलेल्या आई-बापांचे मृत्युदाखले जोडलेले असतात, म्हणजे एका लग्नातून दोन-तीन पिढ्या हाती येतात.

आयर्लंडचं दुःख वेगळं आहे. १९२२च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला अभिलेख विभाग जळाला आणि १८२१ ते १८५१च्या जनगणना बहुतांशी राख झाल्या. त्यानंतरच्या चार जनगणना सरकारनेच नष्ट केल्या होत्या. त्यामुळे पहिली पूर्ण जनगणना मिळते ती १९०१ची. कॅथलिक वह्या मात्र पॅरिशमध्येच असल्याने बहुतेक वाचल्या आणि राष्ट्रीय ग्रंथालयाने त्या २०१५पासून फुकट खुल्या केल्या आहेत.

जर्मनीहून निघालेला माणूस हॅम्बुर्गच्या बंदरातून गेला असेल तर नशीब चांगलं. तिथल्या १८५० ते १९३४च्या याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत शेवटचा मुक्काम आहे. कागदावर ‘लिव्हरपूलहून आला’ असं असलं तरी हॅम्बुर्ग बघावं, कारण पुष्कळ जण तिथून इंग्लंडमार्गे जात. ब्रेमेनच्या याद्या मात्र जागा नाही म्हणून वेळोवेळी टाकून दिल्या गेल्या आणि उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या.

अखेर वही समोर येते, आणि वाचता येत नाही. जुनी जर्मन हस्तलिपी ‘कुरेंट’ आजच्या जर्मनांनाही सरावाशिवाय लागत नाही. ज्यांनी मोडीतलं दफ्तर वाचायचा प्रयत्न केला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. अक्षर कळलं तरी भाषा वेगळी असू शकते. कॅथलिक वह्या लॅटिनमध्ये असतात, त्यात विल्यमचा ‘गुइलेल्मुस’ होतो. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये १८६८पासून पहिल्या महायुद्धापर्यंत नोंदी रशियनमध्ये लिहिल्या जात. सगळी भाषा शिकायची गरज नाही. जन्मला, वारला, मुलगा, मुलगी, विधवा, महिन्यांची नावं असे पन्नासेक शब्द आले की नोंद उलगडते. आपल्या पूर्वजाचं नाव आधी त्या लिपीत स्वतः गिरवून बघावं, मग पानावर ते डोळ्यांना लवकर सापडतं.

नोंद सापडली की तीन गोष्टी तपासायच्या. आई-वडिलांची नावं अमेरिकेतल्या कागदांशी जुळतात का, त्यातही आईचं माहेरचं नाव. भावंडं जुळतात का. वयात दोन-तीन वर्षांचा फरक चालेल, तेव्हा माणसं आपलं वय अंदाजाने सांगत. आणि तिसरी तपासणी लोक हमखास विसरतात : त्याच गावची दफनाची वही पुढची दहा-पंधरा वर्षं पानोपान चाळायची. त्या काळी फार मुलं लहानपणीच जात आणि गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला ठेवायची पद्धत होती. ज्याला आपण पणजोबा समजतो आहोत ते बाळ दोन वर्षांचं होऊन वारलेलं असू शकतं. तसं निघालं तर तीच बाप्तिस्म्याची वही पुढे वाचत जायची, त्याच आई-बापाच्या पोटी त्याच नावाचं दुसरं मूल सापडेपर्यंत.